गाडी पेट्रोल का पिते? घरगुती निदानाचा इतिहास



आपल्याकडे कुणी नवी गाडी घेतली की पेढा तोंडात जायच्या आत आपण विचारतो, "ॲव्हरेज किती देते?" गाडीचा रंग, वेग, किंमत सगळं नंतर. पुढे एका मोटार कंपनीने 'किती देते?' या प्रश्नावरच जाहिरातींची मालिका बेतली, इतका तो आपल्या अंगवळणी पडलेला आहे.

या 'ॲव्हरेज' शब्दाकडे जरा नीट पाहा. इंग्रजीत याला मायलेज म्हणतात. आपण मात्र 'सरासरी' हा अर्थ असलेला शब्द उचलला आणि तो रूढ केला. ज्यांनी तो रूढ केला त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे: एका दिवसाच्या, एका फेरीच्या आकड्याला काही अर्थ नसतो. अर्थ असतो तो अनेक फेऱ्यांच्या सरासरीला. म्हणजे मोजायची पद्धत त्या शब्दातच सांगितलेली आहे. आपण शब्द ठेवला आणि पद्धत विसरलो. 'पंधरा देते' असं आपण छातीठोक सांगतो, पण किती टाक्यांची सरासरी, कोणत्या रस्त्यावरची, असं विचारलं तर गप्प बसतो.

तर हे ॲव्हरेज घटतं, गाडी 'पेट्रोल प्यायला लागते', तेव्हा ते का घटलं हे घरच्या घरी शोधायची माणसाची धडपड हा आजचा विषय. तत्त्वज्ञानाच्या शिक्षकाने मोटारीवर का बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. माझं उत्तर सोपं आहे. तत्त्वज्ञानातला एक जुना प्रश्न आहे, 'कशावरून?' तुम्ही म्हणता तसं आहे, हे कशावरून? आपल्या न्यायदर्शनाने त्यासाठी प्रमाणांचा विचार केला. त्यातली तीन आज आपल्याला पुरतात. प्रत्यक्ष, म्हणजे डोळे-नाक-कान-हात यांनी कळणारं. अनुमान, म्हणजे खुणेवरून कारणाकडे जाणं. आणि शब्द, म्हणजे विश्वासू जाणकाराने सांगितलेलं. मोटारीच्या इतिहासात या तिन्ही प्रमाणांचा जोर एकापाठोपाठ एक बदललेला दिसतो. आणि माझं म्हणणं असं की, पहिली दोन प्रमाणं ज्याने सोडून दिली, त्याच्या हातात फक्त तिसरं उरतं. मग तो पेट्रोलचे पैसे भरतोच, शिवाय 'कशावरून?' हे विचारायचा आपला हक्कही गमावून बसतो.

हात, नाक आणि डोळे

सुरुवात १८८८ च्या ऑगस्टपासून करू. कार्ल बेंझ यांनी १८८६ साली आपल्या तीनचाकी मोटारीचं पेटंट घेतलं होतं, पण गिऱ्हाइकं फिरकत नव्हती. त्यांच्या पत्नी बेर्था बेंझ नवऱ्याला न सांगता दोन मुलांना घेऊन त्या गाडीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेल्या. अंतर सुमारे शंभर किलोमीटर. पेट्रोल पंप नावाची वस्तू तेव्हा जगात नव्हती. वीसलोख गावातल्या औषधाच्या दुकानातून त्यांनी लिग्रोइन नावाचं द्रावण विकत घेतलं. ते डाग काढायला वापरत, आणि बेंझच्या गाडीचं तेच इंधन होतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली ती त्यांनी टोपीच्या पिनेने मोकळी केली. प्रज्वलनाच्या तारेवरचं आवरण झिजलं होतं, तिथे मोज्याचा पट्टा गुंडाळला. लाकडी ब्रेक झिजले तेव्हा एका चांभाराकडून त्यांवर चामडं बसवून घेतलं.

इतिहासकार या प्रवासाला पहिला लांबचा मोटार प्रवास म्हणतात. मी त्याला घरगुती निदानाचा पहिला धडा म्हणेन. बाईंजवळ कुठलंही मोजमापाचं यंत्र नव्हतं. गाडी थांबली, नळी पाहिली, तुंबलेली दिसली, साफ केली. इथे कारण डोळ्यांना दिसत होतं. हे शुद्ध प्रत्यक्ष.

पुढे १८९३ मध्ये विल्हेल्म मायबाख यांनी फवारा मारणारा कार्ब्युरेटर आणला, आणि जवळजवळ शंभर वर्षं मोटारीचं ॲव्हरेज त्या एका भांड्यावर अवलंबून राहिलं. काम दिसायला साधं. पेट्रोल आणि हवा योग्य प्रमाणात मिसळायची. वजनाने पाहिलं तर एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हवा कमी पडली की पेट्रोल पुरतं जळत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल म्हणजे धुराच्या नळीतून बाहेर जाणारे तुमचे पैसे.

आता गंमत बघा. न्यायशास्त्रातलं अनुमानाचं प्रसिद्ध उदाहरण कोणतं? डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे. वर्षानुवर्षं आम्ही वर्गात हेच उदाहरण दिलं. आणि मोटारवाला मेकॅनिक, ज्याने न्यायशास्त्राचं नावही ऐकलेलं नाही, तो रोज धुरावरूनच अनुमान करत होता. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. इंजिन गरम झाल्यावरही थांबत नसलेला दाट पांढरा धूर म्हणजे शीतकाचं पाणी आत शिरतंय. फक्त आमच्या उदाहरणात धुराला रंग नव्हता. (हशा)

फिएट आणि ॲम्बेसेडरचे दिवस तुमच्यातल्या अनेकांना आठवत असतील. कुर्ल्याच्या कारखान्यातून फिएट यायची, तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. बंगालमधल्या उत्तरपाड्याहून ॲम्बेसेडर यायची. रस्त्यावर गाड्यांचे प्रकार हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि घेतलेली गाडी वीस-वीस वर्षं सांभाळायची. त्यामुळे त्या गाड्यांविषयीचं ज्ञान सगळ्या गल्लीच्या मालकीचं होतं. रविवारी सकाळी शेजारी बॉनेट उघडून उभे असायचे. प्लग काढायचा आणि त्याचं टोक पाहायचं. बिस्किटाच्या रंगाचं असेल तर ठीक. कोरडी काजळी असेल तर मिश्रणात पेट्रोल जास्त. तेलकट ओलं असेल तर रिंगा गेल्या. पांढरं फटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय. मग पॉइंट पॉलिश पेपरने घासायचे, त्यांची फट पातीने मोजायची. थंडीतल्या सकाळी ओढलेला चोक पुन्हा आत ढकलला का, हे बघायचं. अर्धवट बाहेर राहिलेला चोक कितीतरी पेट्रोल वाया घालवायचा आणि त्याची खूण मागे काळ्या धुराच्या रूपाने दिसायची.

या ज्ञानाला मी कमी लेखत नाही. पण प्रत्यक्षाची एक मर्यादा आहे. टोकाचा बिघाड इंद्रियांना कळतो, हळूहळू वाढत जाणारा कळत नाही. ॲव्हरेज एका रात्रीत निम्मं झालं तर कुणालाही समजेल. वर्षभरात दहा टक्के घटलं, तर ना धूर बदलतो, ना आवाज. तिथे डोळ्यांचं काम संपतं आणि वहीचं सुरू होतं.

वही आणि वजाबाकी

कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर कापायची अमेरिकेत चक्क शर्यत होती. मोबिल कंपनीच्या नावाने ओळखली जाणारी ती 'इकॉनॉमी रन' १९३६ मध्ये सुरू झाली आणि मधला महायुद्धाच्या वेळचा खंड सोडता १९६८ पर्यंत चालली. बाजारातल्या साध्या गाड्या, निष्णात चालक आणि हिशोब गॅलनमागे किती मैल याचा. पेट्रोल स्वस्त होतं, म्हणून हा प्रकार कौतुकाचा राहिला, गरजेचा झाला नाही.

गरज आली १९७३ मध्ये. त्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेलाची नाकेबंदी केली आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव पिंपामागे सुमारे तीन डॉलरवरून बाराच्या घरात गेला. अमेरिकेने देशभर ताशी ५५ मैलांची वेगमर्यादा आणली. आपल्याकडेही पेट्रोलचे दर चढले आणि नोव्हेंबरात अटलबिहारी वाजपेयी निषेध म्हणून बैलगाडीतून संसदेत गेले. पुढच्याच वर्षी आपल्या मुंबईच्या समुद्रात, बॉम्बे हायला, तेल सापडलं, पण तेही गरजेपुढे थोडंच. १९७८ मध्ये सरकारने पेट्रोलियम बचतीसाठी पीसीआरए ही संस्था उभी केली. ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवा, टायरची हवा पाहा, सिग्नलला इंजिन बंद करा, हे तिचे सल्ले दूरदर्शनमुळे घराघरात पोहोचले.

याच काळात आपल्याकडे गाडीच्या खणात एक छोटी वही दिसू लागली. तारीख, किलोमीटरचा आकडा, लिटर, रुपये. माझ्या मते ही वही म्हणजे मोटारीच्या इतिहासातला मोठा शोध आहे, आणि त्याचं पेटंट कुणाच्याच नावावर नाही.

पद्धत तुम्हाला माहीत आहे, तरी नेमकी सांगतो, कारण नेमकेपणातच सगळं आहे. टाकी फुल करायची. पंपाची नळी पहिल्यांदा आपोआप 'टक' करून थांबली की तिथेच थांबायचं, वर ठासून भरायचं नाही. किलोमीटर लिहायचे. गाडी नेहमीसारखी वापरायची. पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर, त्याच नळीने, पुन्हा पहिल्या 'टक'पर्यंत भरायचं. मधले किलोमीटर भागिले या वेळी लागलेले लिटर. झालं.

यात चूक कुठे शिरते? ती 'टक' दर वेळी नेमक्या त्याच पातळीला होत नाही. समजा तीस लिटरच्या भरण्यात एक लिटरचा फरक पडला, तर तीन टक्क्यांहून जास्त चूक झाली. एका टाकीवरून 'ॲव्हरेज घटलं' म्हणणं म्हणजे एका शितावरून भाताची नव्हे, सगळ्या पंगतीची परीक्षा. पण हीच वही दहा टाक्या चालवा. पहिल्या फुलपासून शेवटच्या फुलपर्यंत एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर घ्या. मधल्या भरण्यांतल्या चुका एकमेकींना खोडतात, फक्त दोन टोकांची उरते. तीनशे लिटरमागे एक लिटर, म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा. बघा, नुसत्या धीराने आपली मोजपट्टी दहापट बारीक झाली. महागडं यंत्र नको, शाई आणि सहा महिने पुरतात.

आता आकडा खरोखर घटलाय हे वहीने सांगितलं. पुढचा प्रश्न 'का?' इथे पुन्हा न्यायशास्त्राकडे येतो. ॲव्हरेज घटलं, म्हणून इंजिन बिघडलं, या अनुमानात दोष आहे. शास्त्रात अशा हेतूला सव्यभिचार म्हणतात. म्हणजे असा हेतू, जो आपल्या साध्याशी एकनिष्ठ नाही. ॲव्हरेज इंजिन बिघडल्याने घटतं, तसंच ते एसीने, रहदारीने, टपावरच्या कॅरियरने, पावसाळ्यातल्या खड्ड्यांनी, आणि मुलांची शाळा दोन किलोमीटरवर आल्यानेही घटतं. शेवटचं कारण लोकांना पटत नाही. अंतर कमी झालं तर पेट्रोल वाचायला हवं ना? एकूण पेट्रोल वाचतंच. पण थंड इंजिनाला मिश्रणात जास्त पेट्रोल लागतं, आणि दोन किलोमीटरच्या फेरीत ते गरम व्हायच्या आत बंद होतं. म्हणून लिटरमागचे किलोमीटर घटतात. यात गाडीचा दोष काहीच नाही.

म्हणून अन्वय आणि व्यतिरेक, दोन्ही तपासायचे. ते कारण असताना परिणाम दिसतो का, आणि ते काढल्यावर परिणाम जातो का? १८४३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिल यांनी आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हाच विचार पद्धतशीर मांडला. घरगुती भाषेत एकच नियम: एका वेळी एकच गोष्ट बदला. टायरची हवा, प्लग, ऑइल आणि पेट्रोल पंप सगळं एकाच रविवारी बदललं आणि ॲव्हरेज सुधारलं, तर आनंद होईल, ज्ञान होणार नाही.

आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांचं उदाहरण सांगतो. गाडी पंधरा द्यायची ती बारावर आली. एका गॅरेजने इंजेक्टर साफ करायचा मोठा खर्च सांगितला. गृहस्थ वही ठेवणारे. त्यांनी पानं उलटली तेव्हा दिसलं की आकडा हळूहळू घसरलेला नाही, एका विशिष्ट भरण्यापासून एकदम पडलाय. त्याच आठवड्यातली नोंद होती, 'मागचे ब्रेक शू बदलले.' मग सपाट रस्त्यावर, शक्यतो ब्रेक न दाबता, दहा किलोमीटर गाडी चालवली, हलकेच थांबवली आणि चारही चाकांजवळ हात नेऊन पाहिला. मागचं डावं चाक तापलेलं. न्यूट्रलमध्ये गाडी ढकलून पाहिली तर सहज सरकेना. ब्रेक धरून राहत होता. तो नीट बसवला आणि पुढच्या तीन टाक्यांत आकडा पुन्हा पंधराच्या जवळ गेला. वहीने दिवस दाखवला, हाताने चाक दाखवलं, आणि दुरुस्तीनंतरच्या तीन टाक्यांनी व्यतिरेक पूर्ण केला. त्या गॅरेजवाल्याने लबाडी केली असं मी म्हणत नाही. त्याच्याजवळ वही नव्हती, म्हणून तो सवयीने बोलला.

इथे आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कारणाचा आकार परिणामाच्या आकाराला साजेसा असावा लागतो. 'हवा कमी असेल' हे आपलं आवडतं उत्तर. अमेरिकी सरकारचा हिशोब असा की, चारही टायरची हवा सरासरी एक पीएसआयने कमी झाली तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्का घटतं. म्हणजे पाच पीएसआय कमी असेल तर एक टक्का. हवा जरूर भरा, त्यात टायरचं आयुष्य आणि तुमची सुरक्षितता आहे. पण वीस टक्क्यांची घट त्या माथी मारू नका. मोठ्या घटीला धरलेला ब्रेक, गळती, मिश्रणातला बिघाड किंवा बदललेला वापर, असं मोठंच कारण हवं.

लेबल, दिवा आणि पडदा

आता तिसरं प्रमाण, शब्द. तेलसंकटानंतर अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर इंधनाच्या सरकारी आकड्याचं लेबल आलं. आकडा प्रयोगशाळेतला. गाडी रुळांवर उभी करून, ठरावीक वेग देऊन काढलेला. लोकांनी आपापल्या वह्या त्याच्याशी ताडून पाहिल्या आणि कुरकुर सुरू झाली, 'रस्त्यावर इतकं मिळत नाही.' ही कुरकुर ऐकावी लागली. १९८५ सालच्या मॉडेलपासून शहराचा आकडा दहा टक्क्यांनी आणि महामार्गाचा बावीस टक्क्यांनी कमी करून छापायला लागले. २००८ च्या मॉडेलपासून वेगवान गाडी, एसी आणि थंडी धरून चाचणीच बदलली. २०१२ मध्ये तर ग्राहकांच्या तक्रारींनंतर सरकारी तपासणी होऊन ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना अमेरिकेतल्या सुमारे नऊ लाख गाड्यांचे आकडे खाली आणावे लागले आणि मालकांना भरपाई द्यावी लागली.

यातला मुद्दा लक्षात घ्या. शब्दप्रमाण सुधारलं ते कशामुळे? खाली कुणीतरी वही ठेवत होतं म्हणून. वहीवाल्यांनी मोजलं नसतं तर लेबलाला जाब विचारायला कुणी नव्हतं.

आपल्याकडे ही चाचणी एआरएआय करते. १९६६ मध्ये स्थापन झालेली ही संस्था पुण्यात कोथरूडच्या वेताळ टेकडीवर आहे. तिचा आकडा खोटा नसतो. तो एका ठरावीक परिस्थितीचा असतो: रुळांवर, ठरलेल्या वेगाने, आणि आजवर एसी बंद ठेवून. दोन गाड्यांची तुलना करायला तो उत्तम. पण तुमची गाडी बिघडली का, हे ठरवायला त्याचा उपयोग नाही. तुमच्या गाडीची तुलना तिच्या स्वतःच्या गेल्या वर्षाशीच व्हायला हवी.

याच काळात गाडी आतूनही बदलली. १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बॉशचा ऑक्सिजन सेन्सर आला. धुरातला प्राणवायू मोजून मिश्रण जागच्या जागी दुरुस्त करणारा. जे काम आपला शेजारी प्लगचं टोक पाहून करायचा, ते आता सेकंदाला कित्येकदा व्हायला लागलं. आपल्याकडे २००० च्या आसपास गाड्यांच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरं झळकू लागली आणि कार्ब्युरेटरचं युग संपलं. बिघाड झाला की गाडी तो स्वतः नोंदवू लागली. अमेरिकेत १९९६ पासून 'ओबीडी-टू' ही समान पद्धत सक्तीची झाली. आपल्याकडे ओबीडीचा पहिला टप्पा २०१० मध्ये आणि दुसरा २०१३ मध्ये आला.

आणि इथे गल्लीतलं ज्ञान जुनं झालं. नुसतं जुनं नाही, काही ठिकाणी उलटं झालं. तीन उदाहरणं देतो. एक, एअर फिल्टर. कार्ब्युरेटरच्या गाडीत तो तुंबला की हवा अडे, पेट्रोल जास्त ओढलं जाई आणि ॲव्हरेज घटे. इंजेक्शनच्या गाडीत संगणक जेवढी हवा आली तेवढंच पेट्रोल देतो. २००९ मध्ये ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने मुद्दाम तुंबवलेले फिल्टर लावून पाहिलं, तर या गाड्यांचं ॲव्हरेज जवळजवळ बदललं नाही, फक्त वेग घेण्याची ताकद घटली. दोन, सकाळी इंजिन पाच मिनिटं तापवणं. चोकच्या गाडीला ते लागायचं. आजच्या गाडीत ते नुसतं पेट्रोल जाळणं. तीन, घाट उतरताना न्यूट्रल. आजची गाडी गिअरमध्ये उतरताना पेट्रोल पूर्ण बंद करते, न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला ते देत राहते. म्हणजे खंबाटकीच्या उतारावर न्यूट्रल टाकणारा जीव धोक्यात घालतो आणि वर पेट्रोलही जास्त जाळतो.

सल्ला देणारे आजोबा खोटं बोलत नव्हते. त्यांच्या यंत्राबाबत ते खरंच होतं. यंत्र बदललं आणि व्याप्ती तुटली. धूर आणि अग्नीचा संबंध कायमचा असतो, सल्ला आणि यंत्राचा नसतो.

मग आता घरी काय उरलं? पुष्कळ उरलं. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. काही शे रुपयांपासून मिळणारं छोटं उपकरण त्यात बसवलं की गाडीचं म्हणणं मोबाइलवर वाचता येतं. त्यात दोन आकडे पाहा. पहिला, इंजिनाचं तापमान. साधारण वीस मिनिटं चालवल्यावर ते बहुतेक गाड्यांत नव्वद अंशांच्या आसपास स्थिरावतं. साठ-पासष्टवरच अडकत असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिला असण्याचा संभव मोठा. संगणकाला वाटतं इंजिन अजून थंडच आहे आणि तो पेट्रोल जास्त देत राहतो. दुसरा आकडा 'फ्युएल ट्रिम'. ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल संगणक वाढवतोय किंवा कापतोय, हे तो सांगतो. शून्याच्या आसपास चार-पाच टक्के ठीक. सतत दहाच्या वर किंवा उणे दहाच्या खाली गेला, तर कुठेतरी हवा गळतेय, पेट्रोल ठिबकतंय किंवा एखादा सेन्सर चुकीचं सांगतोय.

पण सावध. पडद्यावर येणारा कोड म्हणजे लक्षण आहे, कारण नाही. 'मिश्रणात पेट्रोल कमी' असा कोड आला की कित्येक जण थेट ऑक्सिजन सेन्सर बदलतात. सेन्सर बिचारा खरं बोलत असतो, फाटलेली असते हवेची रबरी नळी. वाईट बातमी आणणाऱ्या पोस्टमनलाच काढून टाकण्यासारखं हे. कोड हा शब्द आहे. तो विश्वासू आहे का, हे पुन्हा डोळ्यांनी आणि व्यतिरेकानेच ठरवावं लागतं. डॅशबोर्डवरच्या ॲव्हरेजचंही तेच. तो संगणकाचा अंदाज असतो, बहुधा थोडा उदार. वहीशी एकदा ताडून पाहा, म्हणजे तो किती उदार आहे तेही कळेल.

वीस टक्क्यांचा वाद

शेवटचा मुद्दा आजचा, आणि आपल्या महाराष्ट्राच्या अगदी जवळचा. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचं प्रमाण गेल्या काही वर्षांत वाढत वीस टक्क्यांवर आलं. आपल्या उसाच्या पट्ट्यातले कारखाने त्यात मोठे भागीदार आहेत. एकीकडे आयात वाचते, शेतकऱ्याला दर मिळतो, असा युक्तिवाद. दुसरीकडे गाडीवाल्यांची तक्रार, 'ॲव्हरेज पडलं.' दोन्ही बाजूंनी आवाज चढलेले आहेत.

शांतपणे हिशोब करू. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलमध्ये सुमारे २१. वीस टक्के मिसळलं तर मिश्रणाची ऊर्जा शुद्ध पेट्रोलपेक्षा सुमारे सात टक्के कमी भरते, आणि दहा टक्के मिश्रणापेक्षा साडेतीन टक्क्यांच्या आसपास कमी. इंजिन त्यासाठी जुळवलेलं असेल तर यातलं काही भरून निघतं. म्हणजे घट खरी आहे, पण ती एकअंकी आहे. कुणी म्हणालं काहीच फरक नाही, तर भौतिकशास्त्र त्याच्या बाजूला नाही. कुणी म्हणालं इथेनॉलमुळे गाडी पंधरावरून दहावर आली, तर त्याचंही दुसरं काही बिघडलंय, आणि इथेनॉलला शिव्या देताना ते तसंच राहणार आहे.

आता मघाचा हिशोब आठवा. एका टाकीतली मोजणीची चूक तीन टक्के, आणि शोधायचा फरक साडेतीन ते सात टक्के. एका टाकीवरून हा वाद सुटणारच नाही. दहा टाक्यांची वही, आणि तीही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्यांशी ताडलेली, असेल तरच बोलता येईल. ज्याच्याजवळ २०२० पासूनची वही आहे, त्याच्याजवळ पुरावा आहे. बाकीच्यांजवळ मत आहे. लोकशाहीत मत मोलाचं आहे, पण पुरावा हातात असला की मताला धार येते. अमेरिकेतली लेबलं पुराव्याने बदलली, संतापाने नाही.

बेर्था बेंझची पिन, आपल्या शेजाऱ्याचा प्लग पाना आणि आजचं मोबाइलवरचं उपकरण या साधनांत सव्वाशेहून जास्त वर्षांचं अंतर आहे. प्रश्न एकच आहे, 'कशावरून?' यंत्र जितकं बंद होत जाईल, तितका दुसऱ्याचा शब्द आपल्यावर अवलंबून राहायला सांगेल. त्या शब्दाचा अनादर करू नये. गॅरेजमध्ये जाणकार माणसं असतात, प्रयोगशाळेत प्रामाणिक माणसं असतात. पण त्यांच्यापुढे मोकळ्या हाताने जाऊ नये. चाळीस रुपयांची वही गाडीच्या खणात ठेवा, पुढच्या टाकीला पहिली ओळ लिहा. पहिले सहा महिने ती तुम्हाला काहीच सांगणार नाही. नंतर मात्र तुमच्या गाडीबद्दल तिच्याइतकं कुणालाच माहीत नसेल.

आता प्रश्न विचारायला हरकत नाही. फक्त 'माझी गाडी किती द्यायला हवी?' असं कुणी विचारलं, तर मी आधी वही मागेन.